घरपोच किराणा सेवा (वृद्ध व दिव्यांग व्यक्तींसाठी)

वार्धक्य, आजार किंवा अपंगत्व यांमुळे ज्यांना दुकानापर्यंत जाणे अथवा सामान वाहून आणणे शक्य नसते, अशा व्यक्तींना धान्य, भाजीपाला, दूध व इतर दैनंदिन जिन्नस मोबाइल, संगणक किंवा दूरध्वनीवरून मागवून घरी मिळवता यावेत यासाठीची व्यवस्था म्हणजे घरपोच किराणा सेवा होय. निरोगी ग्राहकाला तिच्यामुळे वेळ वाचतो. हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीला मात्र आपल्या स्वयंपाकघरात काय असावे हे स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य तिच्यामुळे मिळते. घरबसल्या केलेल्या ऑनलाइन खरेदीच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक अशाच ग्राहकाचे आहे.

गरज

२०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे अपंगत्व हालचालींशी संबंधित होते. त्याच जनगणनेत ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक नोंदली गेली. संधिवात, अर्धांगवायू, कंपवात किंवा मांडीच्या हाडाचा अस्थिभंग यांमुळे हालचाल मर्यादित झालेल्या अनेकांची नोंद दिव्यांग म्हणून होत नाही. तरीही बाजारहाटाची अडचण त्यांनाही तितकीच भासते.

अशा व्यक्तींची खरेदी बहुधा नातेवाईक, शेजारी किंवा घरकामास येणारी व्यक्ती करते. त्यात मदत असली तरी परावलंबनही असते. कोणता तांदूळ घ्यावा, किती खर्च करावा, एखादा जिन्नस आजच हवा की उद्या चालेल, हे निर्णय हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातात.

इतिहास

इंग्लिश संशोधक मायकेल आल्ड्रिच यांनी १९७९ साली घरातील दूरचित्रवाणी संच दूरध्वनी वाहिनीद्वारे संगणकाला जोडून खरेदी करण्याची पद्धत तयार केली. ईशान्य इंग्लंडमधील गेट्सहेड येथे स्थानिक नगर परिषदेच्या सहभागाने वृद्ध व घराबाहेर पडू न शकणाऱ्या रहिवाशांसाठी या पद्धतीचा प्रयोग झाला. मे १९८४ मध्ये ७२ वर्षांच्या जेन स्नोबॉल यांनी घरातील दूरचित्रवाणीच्या रिमोटने टेस्को या दुकानाकडे मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी यांची मागणी नोंदवली व तो माल त्यांच्या घरी पोहोचवण्यात आला.

पुढे व्यापारी कंपन्यांनी ही कल्पना प्रामुख्याने नोकरदार, वेळ नसलेल्या ग्राहकांसाठी विकसित केली. अमेरिकेत १९८९ मध्ये पीपॉड ही सेवा सुरू झाली. १९९६ मध्ये स्थापन झालेली वेबव्हॅन ही कंपनी मोठ्या गुंतवणुकीनंतरही २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

२०२० मधील कोविड-१९ महासाथीत या सेवेचे महत्त्व नव्याने स्पष्ट झाले. निरोगी ग्राहकही मोठ्या संख्येने ऑनलाइन खरेदीकडे वळल्याने घरपोच मालाच्या वेळा अपुऱ्या पडू लागल्या. ब्रिटनमधील मोठ्या दुकानांनी शासनाच्या वैद्यकीय यादीतील अतिजोखमीच्या रुग्णांना प्राधान्य दिले. मात्र ही यादी संसर्गाच्या धोक्यावर आधारित होती. त्यामुळे दुकानात जाऊ न शकणाऱ्या, पण यादीत नाव नसलेल्या अनेक दिव्यांग व्यक्ती प्राधान्यापासून वंचित राहिल्या.

भारतातील स्थिती

भारतीय शहरांत घरपोच किराणा ही इंटरनेटपूर्व काळापासून चालत आलेली पद्धत आहे. महिन्याच्या सुरुवातीला वाण्याकडे यादी द्यायची, दुकानातील मुलाने माल घरी आणून द्यायचा आणि हिशेब वहीत मांडायचा, हा महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचा परिपाठ होता. पुढे यादीची जागा दूरध्वनीने घेतली. दुकानदाराला ग्राहकाची ओळख असल्याने माल स्वयंपाकघरात नेऊन ठेवणे किंवा पैसे नंतर घेणे अशा सवलती विनासायास मिळत.

सहकारी पद्धतीचे उदाहरण म्हणून १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण व्यवस्थेचा उल्लेख करता येतो. तीत सभासद कुटुंबांचे गट महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात व माल गटाकडे पोहोचवला जातो.

ऑनलाइन सेवांमध्ये बिगबास्केट (बंगळूरु, २०११), ग्रोफर्स (२०१३, डिसेंबर २०२१ पासून ब्लिंकिट) आणि झेप्टो (मुंबई, २०२१) या प्रमुख आहेत. अलीकडच्या 'झटपट' सेवा वस्तीजवळच्या, ग्राहकांना प्रवेश नसलेल्या छोट्या गोदामांतून माल पाठवतात. या गोदामांना 'डार्क स्टोअर' म्हणतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीमुळे बँकेत किंवा एटीएमपर्यंत न जाताही पैसे देणे शक्य झाले.

सेवेतील अडथळे

मागणी नोंदवण्यापासून जिन्नस डब्यात भरेपर्यंतच्या साखळीतील एक कडी निखळली तरी सेवा निरुपयोगी ठरते. प्रमुख अडथळे पुढीलप्रमाणे आहेत :

मागणी नोंदवणे : हात थरथरणाऱ्या किंवा बोटांत शक्ती नसलेल्या व्यक्तीला लहान बटणे दाबणे व पडद्यावर बोट सरकवणे कठीण जाते. ओटीपीची मुदत टंकलेखन पूर्ण होण्याआधीच संपू शकते.

बदली माल : मागवलेली वस्तू उपलब्ध नसल्यास दुसरी पाठवली जाते किंवा ती वगळली जाते. पथ्यावर असलेल्या व्यक्तीस ही बाब त्रासदायक ठरते, कारण राहिलेली वस्तू ती बाहेर जाऊन आणू शकत नाही.

दार उघडणे : वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यास दारापर्यंत येण्यास काही मिनिटे लागतात. माल पोहोचवणाऱ्या कामगाराला पुढच्या घरी जाण्याची घाई असते. वेग हेच सेवेचे वैशिष्ट्य ठरल्यास या दोघांचीही कुचंबणा होते.

उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत : माल दाराबाहेर ठेवून गेल्यास वाकून तो उचलणे हेच मोठे काम असते. काही गृहसंकुलांत कामगारांना आत प्रवेश नसल्याने माल फाटकावरच राहतो. जड वस्तूंबाबत १० किलोच्या एका पिशवीऐवजी ५ किलोच्या दोन पिशव्या मागवणे सोयीचे ठरते.

किमान खरेदी : एकट्या व्यक्तीची मागणी लहान असते. ठरावीक रकमेखालील खरेदीवर आकारल्या जाणाऱ्या शुल्काचा भार तिच्यावर तुलनेने अधिक पडतो.

सुगम्यतेचे निकष

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते. ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीत हालचालींच्या मर्यादांचा विशेष विचार आहे. बटणांचा किमान आकार, बोट ओढत नेण्याच्या क्रियेला सोपा पर्याय आणि खात्यात प्रवेश करण्याच्या सुलभ पद्धती यांविषयीचे निकष तीत समाविष्ट झाले. वेळेची मर्यादा वाढवता यावी, हा निकष आधीपासून होता. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे.

कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्यताप्राप्त अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ केले. या अधिनियमानुसार सुगम्यतेचे बंधन शासकीय सेवांप्रमाणेच खाजगी सेवा पुरवणाऱ्यांवरही आहे. 'राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ' या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारसवजा न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश दिले. 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत संघ' या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हे प्रकरण मुख्यतः ग्राहक-ओळख पडताळणीच्या ऑनलाइन प्रक्रियेसंबंधी असले, तरी त्यातील तत्त्व इतर डिजिटल सेवांनाही लागू पडते.

मर्यादा

घरपोच सेवा हा बाजाराच्या सुगम्यतेला पर्याय नाही. उतरते मार्ग, सलग पदपथ आणि चाकाची खुर्ची आत जाईल अशी दुकाने असल्यास अनेक दिव्यांग व्यक्ती स्वतः खरेदी करू शकतात. बाजारात जाण्याने माणसांची गाठभेट होते. सर्व खरेदी घरबसल्या होऊ लागल्यास एकाकीपणा वाढण्याचा संभव असतो. ऑनलाइन व्यवहारांत बनावट ग्राहक सेवा क्रमांक व ओटीपी विचारणारे फसवे दूरध्वनी यांचा धोकाही असतो. ग्रामीण भागात या सेवांचा विस्तार मर्यादित असल्याने तेथे गावातील दुकानदार व शेजारी हेच मुख्य आधार आहेत.