खिळ्यांचे घर

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळाकडून आम्हांस पत्र येते, आणि ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर चार पाने लिहून देण्याची आज्ञा होते. आजवर आम्ही मूळ गावे, कुलदैवते, ज्ञातीतील कर्ते पुरुष व वसतिगृहाची स्थापना यांविषयी यथाशक्ति लिहिले. यंदा मात्र वाचकांची परवानगी घेऊन थोडी वाट बदलीत आहोत. ज्या अक्षरांनी हा सर्व इतिहास आपल्या घरोघरी पोचला त्या अक्षरांचाच इतिहास सांगावा, असे मनात आले आहे. असे का आले, त्याचा खुलासा लेखाच्या शेवटी होईल.

आपल्या देशात छापखाना प्रथम आला तो गोव्यात, इसवी सन 1556 मध्ये. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी खरी, पण अक्षरे रोमन. देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या मराठी ग्रंथांचा आरंभ महाराष्ट्रात न होता दूर बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे झाला. विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण तेथे 1805 साली निघाले. मुंबईस अमेरिकन मिशनची मंडळी 1813 मध्ये उतरली आणि पुढे अल्पावधीतच त्यांनी आपला छापखाना घातला. धर्मप्रसाराचा त्यांचा हेतू उघड होता; परंतु त्या छापखान्यात आपल्या लोकांनी जी विद्या उचलली ती सर्वांच्या उपयोगी पडली.

या विद्येचा पहिला थोर उपासक म्हणजे गणपत कृष्णाजी. मिशनचे छापकाम पाहून आपले ग्रंथही असेच छापावेत ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः घडविले, शाईचे प्रयोग स्वतः केले आणि 1831 साली शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढले. शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी छापील पोथीस शिवत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे परंपरेने सांगतात. पुढे त्यांनी खिळ्यांचे कामही हाती घेतले. यंत्र विकत मिळत नाही म्हणून बसून न राहता ते सुतारकामास लागले, हा त्यांचा गुण आम्हांस विशेष वाटतो.

दुसरे नाव जावजी दादाजी यांचे. यांचा जन्म 1839 सालचा, घरची गरिबी. शाळा फार झाली नाही. लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर ते लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी ठसे कोरणारे कुशल कारागीर होते. ओतलेल्या खिळ्याची खरखर काढून तो साफ करावयाचा, एवढेच त्या मुलाचे काम. परंतु खिळा घासता घासता त्याने अक्षर पाहिले. पुढे ‘इंदुप्रकाश’ इत्यादी छापखान्यांत उमेदवारी करून 1864 मध्ये जावजींनी स्वतःचा लहानसा टाइप-ओतकामाचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. या कामी त्यांस राणोजी रावजी आरू या मित्राची जोड मिळाली. ठसे कोरण्यात राणोजींचा हात असामान्य होता. कोलभाट गल्लीतील या छापखान्याने 1881 पासून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक मुलांच्या हाती दिले, आणि 1886 पासून ‘काव्यमाला’ काढून संस्कृत काव्ये व नाटके पंडितांच्या हाती दिली. जावजी 1892 साली वारले, तोवर निर्णयसागरचे शुद्ध व सुबक छापकाम हा साऱ्या देशात मानदंड होऊन बसला होता.

आता हे अक्षर घडे कसे, ते थोडक्यात सांगतो. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. दिव्याच्या ज्योतीवर टोक धरून त्यावर काजळी जमवावयाची व ते कागदावर दाबून पाहावयाचे. रेघ जाड दिसली तर कानस घेऊन पुन्हा बसावयाचे; बारीक झाली तर सारे श्रम वाया, कारण कापलेले पोलाद पुन्हा चिकटत नाही. मनासारखे उमटले म्हणजे ठशास पाणी देऊन तो कठीण करावयाचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाचा. त्या खोलगट मातृकेवर साचा बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. नुसते शिसे मऊ पडते. अँटिमनीने त्यास कणखरपणा येतो, आणि कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो.

देवनागरीची खरी परीक्षा शिरोरेषेत आहे. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात. आपली अक्षरे एका रेषेखाली हात धरून चालतात. एक खिळा केसभर कमी भरला की रेषा तुटली. शिवाय काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे! मुंबईच्या पद्धतीत पुष्कळ चिन्हे वेगळ्या खिळ्यांवर पाडून ती अक्षराच्या वर वा खाली बसवीत. त्यामुळे एक ओळ जुळविण्यास तीन थर रचावे लागत.

या कारागिरांस स्फूर्ती कोठून मिळाली? त्यांच्यापुढे चित्रशाळा नव्हती. बोरूने लिहिलेल्या पोथ्या होत्या. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. म्हणून एका दिशेस रेघ जाड उमटते, दुसरीस बारीक. लेखकाच्या मनगटाचे ते वळण पोलादात उतरविणे हीच त्यांची कला. मुंबईच्या या वळणाचे अ, झ आणि ण पुढे प्रमाण देवनागरीत स्वीकारले गेले. ल आणि श यांबाबत मात्र आमच्याकडे बराच काळ घोळ चालला. आम्ही शिक्षक असताना मुलांस दंडयुक्त ल व शेंडीफोड्या श शिकविला. 2009 च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श पुन्हा आपल्या जागी आले. तेव्हा फळ्यावर खडूने तो ल काढताना जुन्या पोथ्यांची आठवण झाली.

मुंबईतील मोठ्या छापखान्यांची ही कथा झाली. परंतु त्यांच्या खिळ्यांचे वंशज महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्यांत लहान खोल्यांतून नांदत होते. आपली स्मरणिका अशाच एका खोलीत छापली जाई, आणि 1982 पासून मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे असे. शाळा सुटली की आम्ही तेथे जात असू. दोन ट्रेडल यंत्रे, भिंतीशी उतरत्या केसांच्या घोड्या, कोपऱ्यात शाईचे डबे, रॉकेलचा वास. सकाळी केर काढणारा मुलगा केर टाकण्यापूर्वी त्यातील खिळे वेचून ठेवी. वयस्क जुळारी उभ्यानेच काम करीत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसवर. डोळे हस्तलिखितावर असत आणि हात आपोआप नेमक्या घरात जाई. ओळ उलटी रचलेली, तरी ते ती सुलट्यासारखी वाचीत. ओळी गॅलीत घेऊन दोऱ्याने बांधावयाच्या, मुद्रित काढावयाचे, चुकीचा खिळा चिमट्याने उचलून बरोबर खिळा बसवावयाचा. मग चौकटीत फर्मा आवळून यंत्रावर चढवावयाचा. छपाई झाली की फर्मा रॉकेलने धुऊन एकेक खिळा पुन्हा आपल्या घरी. जेवणापूर्वी साबणाने हात दोनदा धुण्याचा तेथे कडक नेम होता, कारण शिसे पोटात जाऊ नये.

आमच्या लग्नपत्रिका, श्राद्धाची पत्रे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सारे तेथेच होई. पत्रिकेच्या कडेस वेलबुट्टी कशी द्यावी याचा विचार जुळारी चहा थंड होईपर्यंत करीत. ब्लॉक करून घेण्यास पैसे नसत; मग विरामचिन्हे, फुल्या व रेघा यांच्याच रचनेतून ते कलश आणि तोरण उभे करीत. ती कला त्यांस कोणी शिकविली नव्हती.

आता आमच्या मनातील गोष्ट. 1987 च्या स्मरणिकेत ‘दिवंगत सभासद’ ही यादी आम्ही स्वहस्ते लिहून दिली. एकाच नावाचे व एकाच वडिलांच्या नावाचे दोन सभासद दोन गावी होते. वारले ते एका गावचे. आम्ही गाव लिहिले दुसरे. जुळाऱ्यांनी ओळ जुळविताना हात थांबविला आणि म्हणाले, “गुरुजी, हे गृहस्थ मागच्याच आठवड्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकून गेले. एकदा पाहता का?” आम्ही मान वर न करता उत्तर दिले, “कागदावर आहे तसे लावा.” गुरुजींच्या शब्दापुढे ते काय बोलणार? त्यांनी लावले.

स्मरणिका वाटली गेली आणि ऐन लग्नघरात यजमानांच्या नावाची श्रद्धांजली पोचली. त्या घरी काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आम्ही जाऊन क्षमा मागितली. त्या थोर मनाच्या गृहस्थांनी ती केलीही. मग मंडळाने शुद्धिपत्र काढण्याचे ठरविले. मजकूर आमच्याकडे आला, त्यात ‘मुद्रणदोषामुळे’ असा शब्द होता. आम्ही तो खोडला नाही. जुळाऱ्यांनी ती चिठ्ठी रात्री जागून जुळविली, छापली, शिल्लक प्रतींना स्वतः चिकटविली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. ‘मुद्रणदोषामुळे’ हा शब्द त्यांनी आपल्याच हाताने एकेक खिळा उचलून रचला, आणि आमच्याकडे पाहून काही बोलले नाहीत.

1998 मध्ये स्मरणिका संगणकावर जुळवून ऑफसेटवर छापून घेण्याचा ठराव झाला. खर्च कमी, छायाचित्रे स्वच्छ. ठराव योग्यच होता व त्यावर आमचीही सही आहे. परंतु इतक्या वर्षांच्या छापखान्यास चार शब्द सांगावयास आम्ही कोणी गेलो नाही. पुढे तो बंद पडला. खिळे भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेले. अक्षरांचे पुन्हा शिसे झाले.

आपल्या स्मरणिकांत देणगीदारांची नावे आहेत, जाहिरातदारांची आहेत, मंडपाची कनात देणाऱ्यांचेही आभार आहेत. ज्यांनी ही नावे अक्षराअक्षराने रचली, त्यांचे नाव कोठेही नाही. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, म्हणून कोणत्या यादीत बसले नाहीत. एकदा आम्ही सुचविले, तेव्हा “आपले नाव आपणच जुळवावे, हे बरे दिसत नाही,” असे म्हणून ते हसले होते. ते आता हयात नाहीत. त्यांची इच्छा मानून आम्हीही नाव देत नाही. परंतु ते ‘मुद्रणदोषामुळे’ मात्र मागे घेतो. तो दोष मुद्रणाचा नव्हता, आमचा होता.

वाचकांस एकच विनंती आहे. 1987 ची स्मरणिका कोणाच्या माळ्यावर असेल तर ती रद्दीत घालू नये. ती चिकटविलेली चिठ्ठी काढून तिच्या शिरोरेषेकडे पाहावे. आम्ही आमच्या प्रतीत पाहिली; ती कोठेही तुटलेली नाही.