पंधरा ऑगस्टनंतरची लेव्हल

नांदेडला घरात बसून तुम्ही फोनवर ‘आझादी क्वेस्ट’ खेळताय. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने झिंगा इंडियाच्या साथीने 2022 मध्ये आणलेला खेळ. तुकडे जुळवत 1857 पासून पुढे सरकायचं. 1947 आलं की गोष्ट पुरी होते.

पण तुम्ही नांदेडचे. इथे 15 ऑगस्ट 1947 ला हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं आणि पुढचे तेरा महिने राहिलं. पडद्यावर नसलेली लेव्हल इथून सुरू होते.

हातात आता फोन नाही. खिशात निजामाच्या हाली सिक्क्याचे दोन रुपये आहेत. तुम्ही मराठी बोलता, पण कचेरीतला कागद उर्दूत. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. मळणी झाली की आधी सरकारी सक्तीच्या लेव्हीचं धान्य मोजून द्यायचं, हद्दीवर करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका चुकवता येत नाही. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा निरोप कानोकानी येतो: लेव्ही देऊ नका, नाके उठवा, शिंदीची झाडं तोडा. शिंदीच का? कारण ताडी-शिंदीच्या महसुलावर सरकारचा खजिना भरतो. तुम्ही रात्री कुऱ्हाड घेऊन निघता. पैनगंगेपलीकडे उमरखेड, म्हणजे भारत. तिथे मुक्तिसैनिकांचा कॅम्प आहे. नदी ओलांडली की तुम्ही स्वतंत्र, परत आलात की निजामाची रयत.

30 जानेवारी 1948. उमरी. नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेजवरचं व्यापारी गाव. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत, आणि लढ्याला पैसा हवा आहे. मुक्तिसैनिक हैदराबाद स्टेट बँकेच्या इथल्या शाखेवर चालून जातात आणि तिजोरी रिकामी करतात. खेळात एवढं धन हाती लागलं की लगेच नवी शस्त्रं उघडतात. इथे नोटांची ओझी पाठीवर घेऊन रात्रभर चालायचं, आणि पैसा लढ्याचा आहे म्हणून त्याचा हिशेब ठेवायचा. मला या सगळ्या लेव्हलमध्ये हा हिशेब सगळ्यात थोर वाटतो. भुकेलेली, पाठलाग होत असलेली माणसं दुसऱ्याच्या पैशाची राखण करत होती. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ती बातमी रानात तुमच्यापर्यंत कधी आणि कशी पोचते, एवढं तुम्हीच ठरवा.

आता लातूर. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी इथलाच वकील. रझाकार येणार अशी आवई उठली की गावं रिकामी होतात, बायका पोरं घेऊन बार्शीची वाट धरतात. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी तुम्हाला हद्दीपार नेऊ शकते. जाल की थांबाल? आणि शत्रू ओळखताना घाई करू नका: ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गच्या वाटेने शिरतात. 17 तारखेला निजाम शरण येतो. तुम्ही जिंकलात. माळवदावर चढून तिरंगा लावा, मनसोक्त ओरडा. हा आनंद खरा आहे आणि तुमच्या हक्काचा आहे.

लेव्हल मात्र संपत नाही. लातूरच्या पेठेत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची घरं आहेत. या हिंसेची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सरकारला दिलेल्या अहवालात लिहिलं आहे की लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ मुसलमानांची कत्तल चालली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. सगळ्या संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं गेली, असा समितीचा अंदाज. अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. कालपर्यंत ज्याच्या दुकानातून तुम्ही कापड घेत होता तो आज आसरा मागतोय. दार उघडायचं की नाही, हे खेळ तुम्हाला विचारतो. घड्याळ चालू आहे.

असा खेळ करता येतो. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या इतिहासकारांनी ‘अटेंटाट 1942’ केला: नाझी राजवटीत जगलेल्या सामान्यांच्या आठवणींवर उभा राहिलेला, बंदुकीपेक्षा संवादावर चालणारा. नांदेडला स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ 1994 पासून आहे. ज्यांनी ते तेरा महिने पाहिले ते आता नव्वदीच्या घरात. संगणक शिकणाऱ्या पोरांनी कॅमेरा घेऊन या आजी-आजोबांकडे जावं, हिंदू घरांत जावं तसं मुसलमान घरांतही जावं, आणि खेळ बोली मराठीत करावा, दखनीसह. उमरीच्या हिशेबाला त्यात जितकी जागा द्याल, तितकीच लातूरच्या पेठेलाही द्या.