टोपांवरील बिंदुलेख : संग्राहकांस एक विज्ञप्ति

जुनी पोथी हातीं येतांच संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान उलटून पाहतो. लेखक कोण, शक कोणता, गांव कोणतें, हें सर्व पुष्पिकेंत असतें. आणि पुष्पिका फाटली असेल तर पोथी कितीही सुवाच्य असो, तिची निम्मी साक्ष गेली असें आपण मानतों. जुन्या शिरस्त्राणांसही अशी पुष्पिका कधीं कधीं असते, व ती बहुधा संग्राहकाच्याच हातून नष्ट होते, इतकेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कौटिलीय अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणीं 'शिरस्त्राण' व 'कंठत्राण' हीं स्वतंत्र सांगितलीं आहेत. अमरकोशांत 'शीर्षक', 'शीर्षण्य' व 'शिरस्त्र' असे पर्याय येतात. पुढें फारसीच्या संसर्गानें 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी हा शब्द आपल्याकडे आला. आपला 'जिरेटोप' त्या जिरहचाच होय. आज चित्रांवरून त्याचा अर्थ वस्त्राचें शिरोभूषण असा रूढ झाला असला, तरी शब्दाच्या पोटांत लोखंडच आहे. १६५९ च्या अफझलखानाच्या भेटीचें वर्णन करितांना शिवछत्रपतींनीं पागोट्याखालीं कड्यांची टोपी घातली होती, असें ग्रँट डफ यानें १८२६ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांतील टोपाची घडण सामान्यतः अशी असे : मस्तकावर बसणारी पोलादी वाटी, तिच्या शिखरावर टोंक, कपाळावर वरखालीं सरकणारी नासिकापट्टी, दोहों बाजूंस तुरे खोवण्याच्या नळ्या, आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर. झालरीची कडी भिंगाखालीं अवश्य पाहावी. जिचीं टोंकें एकावर एक घेऊन रिवेटानें जोडलीं आहेत ती कडी वार सोसते. जिचीं टोंकें नुसतीं एकमेकांस भिडविलीं आहेत ती जोराच्या भोसकण्यानें उलगडते. दुसऱ्या प्रकारच्या झालरीचे पुष्कळ टोप एकोणिसाव्या शतकांत शोभेसाठीं व विक्रीसाठीं घडविले गेले. तथापि एवढ्या एकाच खुणेवरून काळनिर्णय करूं नये.

खरा निर्णय लेखावरून होतो. बिकानेरचे महाराज अनूपसिंह (राज्यकाल १६६९ ते १६९८) मोगलांच्या चाकरींत दक्षिणेंत होते. १६८९ च्या सुमारास आदोनी येथें हातीं आलेलीं शस्त्रें व कवचें त्यांनीं बिकानेरास नेलीं, आणि त्यांवर स्थळ, संवत् व महाराजांचें नांव अशी नोंद बारीक टिंबें ठोकून नागरी अक्षरांत करविली. ज्या जिनसा पुढें देशोदेशींच्या संग्रहांत विखुरल्या, त्या दक्षिणेंतल्या हें आज सांगतां येतें तें या टिंबांमुळें. याच राजानें दक्षिणेंतून संस्कृत पोथ्याही नेल्या. अनूप संस्कृत पुस्तकालय तें हेंच. पोथी असो कीं टोप असो, वस्तु कोठून आली हें लिहून ठेविल्यावांचून ती कोठारांत टाकूं नये, हें त्या संग्राहकास कळलें होतें.

याच्या उलट प्रकार तंजावरास घडला. तेथील भोसल्यांचें राज्य १८५५ नंतर खालसा झालें. १८६३ च्या सुमारास शस्त्रागार मोडण्यांत आलें; निवडक जिनसा मद्रासच्या संग्रहालयांत गेल्या, बाकीच्या मोडीच्या भावानें विकल्या गेल्या. वॉल्हाउस यानें १८७८ सालीं 'इंडियन अँटिक्वरी'त त्या शस्त्रागारावर लेख लिहिला. परंतु मोडींत गेलेल्या लोखंडाची पुष्पिका कोण वाचणार?

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आमचाही अपराध सांगितला पाहिजे. शाळेंत शिकवीत असतां जुन्या बाजारांत आम्हांस एक गंजलेला टोप मिळाला. आम्हीं तो चिंच व विटकरीची पूड लावून आठवडाभर घांसला व आरशासारखा लखलखीत केला. पुढें एकदां सायंकाळच्या तिरप्या उन्हांत कानाजवळच्या कडेवर सात टिंबें दिसलीं. 'सं' या अक्षराची ती खालची अर्धी रेघ असावी. पुढचें सर्व आम्हींच पुसलें होतें. संवत् कोणता, हें आतां कोणासही कळणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. टोप घांसूं नये. मऊ फडक्यानें धूळ काढून तेलाचा पातळ हात द्यावा. कोफ्तगरीचें सोनें तर केवळ खरवडलेल्या पृष्ठावर बसविलेलें असतें. तें घांसण्यानें कायमचें जातें. आंतील कापडी अस्तर जीर्ण झालें म्हणून फेकूं नये. कडेवर व आंतल्या बाजूस तिरपा उजेड पाडून पाहावें, टिंब दिसल्यास पातळ कागदावर ठसा घ्यावा, आणि वस्तु कोणाकडून, कोठें, केव्हां मिळाली हें त्याच दिवशीं लिहावें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तूंची खाजगी निर्यात निषिद्ध आहे, हेंही ध्यानांत असावें.

ज्यांच्या घरीं असे टोप असतील त्यांनीं ठसे मंडळाकडे पाठवावे. टोप आपल्याजवळच राहूं द्या. त्यावरील अक्षरें मात्र सर्वांचीं होऊं द्या.