नळ कारागीर प्रशिक्षण

नळ कारागीर प्रशिक्षण (प्रचलित नाव: प्लंबर प्रशिक्षण) म्हणजे इमारतींमधील पाणीपुरवठा, सांडपाणी व मलनिस्सारण यांच्या नळयंत्रणेची उभारणी आणि दुरुस्ती करण्याचे व्यावसायिक शिक्षण होय. भारतात या व्यवसायात कौशल्य, प्रमाणपत्र आणि परवाना या तीन वेगळ्या बाबी आहेत. कौशल्य बहुधा मिस्त्रीच्या हाताखाली मिळते, प्रमाणपत्र प्रशिक्षण व्यवस्थेतून मिळते, तर परवाना स्थानिक स्वराज्य संस्था देते. यांपैकी एक हाती असल्याने दुसरे आपोआप मिळत नाही. अनेक वर्षे उत्तम काम केलेला कारागीरही कागदोपत्री अकुशल ठरतो, तो यामुळेच.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम

औपचारिक शिक्षणाचा मुख्य मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून (आयटीआय) जातो. १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत नळ कारागीर हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालय अभ्यासक्रम ठरवते. महाराष्ट्रातील प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. दहावी अनुत्तीर्ण उमेदवारांसाठी खुल्या असलेल्या मोजक्या व्यवसायांत नळ कारागिराचा समावेश होतो, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी या मार्गाचे महत्त्व अधिक आहे.

२०२२ च्या सुधारित रचनेनुसार एक वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला ८४० तास, व्यवसाय सिद्धांताला २४० तास आणि रोजगार कौशल्यांना १२० तास दिले आहेत. प्रशिक्षणार्थी प्रथम मोजमाप, कानशीने घासणे व करवतीने कापणे शिकतो. त्यानंतर लोखंडी पाईपवर डायने आटे पाडणे, पाईप वाकवणे आणि जोड देणे येते. सुतारकाम व गवंडीकाम यांची तोंडओळखही करून दिली जाते, कारण भिंत फोडल्यावाचून आणि पुन्हा बुजवल्यावाचून नळकाम पूर्ण होत नाही. पुढे नळ, झडपा, टाक्या, शौचकूप, मलवाहिन्या आणि पर्जन्यजल संधारण हे विषय येतात.

प्लंबर हा शब्द शिसे या धातूच्या लॅटिन नावावरून आला आहे. बिडाच्या नळांचे सांधे वितळलेल्या शिशाने भरण्याची पद्धत अभ्यासक्रमात दीर्घकाळ टिकली. नव्या घरांत मात्र बहुतेक काम प्लास्टिकच्या पाईपांचे असते. सीपीव्हीसीचे जोड द्रावक सिमेंटने, तर पीपीआरचे जोड उष्णतेने केले जातात. कार्यशाळेत शिकलेले आणि बांधकामावर लागणारे काम यांतील हे अंतर विद्यार्थ्याला बहुधा पहिल्या नोकरीतच भरून काढावे लागते.

वर्षाअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. प्रात्यक्षिकात किमान ६०% आणि इतर विषयांत ३३% गुण आवश्यक असतात. उत्तीर्ण उमेदवाराला देशभर ग्राह्य असलेले राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये आस्थापनेत विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकता येते. आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला मूलभूत प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. नळकामाचे कंत्राटदार बहुधा चार-सहा माणसांनिशी काम करतात व या अटीबाहेर राहतात. परिणामी ज्या ठिकाणी हे काम सर्वाधिक चालते, तेथेच नोंदणीकृत उमेदवारी दुर्मीळ असते.

अनुभवी कारागिरांचे प्रमाणीकरण

मिस्त्रीकडे शिकलेल्यांसाठी ‘पूर्वज्ञान मान्यता’ ही सोय आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिचा समावेश होता. यात दीर्घ अभ्यासक्रमाऐवजी थोडक्या उजळणीनंतर परीक्षक कारागिराचे काम तपासून प्रमाणपत्राची शिफारस करतो. या क्षेत्राचे मानदंड जल व्यवस्थापन व प्लंबिंग कौशल्य परिषद ठरवते. तिचे पूर्वीचे नाव इंडियन प्लंबिंग स्किल्स कौन्सिल होते.

परंपरेने शिकण्याचे ठळक उदाहरण ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात आढळते. तेथील असंख्य कुटुंबांतील पुरुष पिढ्यानपिढ्या देशभर नळकाम करतात. याच जिल्ह्यात पट्टामुंडई येथे राज्य सरकारने प्लंबिंगसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली आहे. ग्रामीण भागात जलजीवन मिशनच्या (२०१९) नळयोजना सांभाळण्यासाठी ‘नल जल मित्र’ कार्यक्रमातून गावातीलच व्यक्तींना प्रशिक्षण दिले जाते.

परवाना

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि राज्यातील इतर महानगरपालिकांना लागू असलेला १९४९ चा अधिनियम या दोन्हींमध्ये नळ कारागिरांना परवाना देण्याची तरतूद आहे. नवीन नळजोडणीचा अर्ज व काम पूर्ण झाल्याचा दाखला यांवर सामान्यतः परवानाधारकाची सही लागते. पात्रतेच्या अटी महानगरपालिकेनुसार बदलतात, त्यामुळे आयटीआय प्रमाणपत्र पुरेसे आहे की वेगळी परीक्षा द्यावी लागेल, हे संबंधित जल विभागाकडूनच समजते. प्रत्यक्षात काम एकाने करायचे आणि सही दुसऱ्याने, असा प्रकारही घडतो. दोष निघाल्यास जबाबदारी मात्र सही करणाऱ्याकडे जाते.

सुरक्षितता

या व्यवसायातील चूक बहुधा लगेच दिसत नाही. शौचकुपाच्या ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी साचून राहिले नाही, तर मलवाहिनीतील वायू घरात शिरतो. पाण्याचा दाब कमी होताच फुटलेल्या किंवा सैल जोडातून सांडपाणी पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ चा नववा भाग या विषयाला वाहिलेला आहे. मलवाहिनी वा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. चोकअप काढण्यासाठी बोलावलेल्या कारागिराला असे काम नाकारण्याचा अधिकार आहे, ही माहिती प्रशिक्षणात असणे अत्यावश्यक ठरते.

परदेशातील रोजगार

आखाती देशांत भारतीय नळ कारागिरांना मागणी असते. भरतीपूर्वी बहुधा प्रात्यक्षिक चाचणी घेतली जाते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला तेथे नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी न होताही आयटीआयला प्रवेश मिळत असला, तरी परदेशी जाऊ इच्छिणारे अनेक जण नंतर दहावीची परीक्षा बाहेरून देतात, त्याचे हे एक कारण आहे.