उत्तर माहीत नसलेला प्रयोग: रेणवीय जीवशास्त्राच्या विभागात विद्यार्थी घडतो कसा?

कांद्यातून किंवा केळ्यातून डीएनए वेगळा करण्याचं प्रॅक्टिकल जीवशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी केलेलं असतं. टेस्टट्यूबमध्ये पांढरे धागे दिसतात, जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला जातो, सरांची सही होते. धागे दिसले नाहीत तरी निष्कर्ष तोच लिहायचा, हेही सगळ्यांना माहीत असतं. कारण उत्तर आधीच ठरलेलं आहे.

पीएचडीला आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. आता त्याला असा प्रयोग करायचा असतो, ज्याचं उत्तर त्याच्या गाइडलाही माहीत नाही. रेणवीय जीवशास्त्राचे, म्हणजे मॉलिक्युलर बायॉलॉजीचे विभाग विद्यार्थ्याला हे कसं शिकवतात, हे समजून घ्यायला मुंबईतल्याच एका विभागाची गोष्ट उपयोगी आहे.

कुलाब्यातला विभाग

जनुकांतली माहिती पेशीत वाचली कशी जाते, तिच्यावरून प्रथिनं कशी बनतात आणि त्यात बिघाड झाला तर सजीवात काय बदलतं, हा रेणवीय जीवशास्त्राचा विषय. डीएनएची दुपेडी रचना १९५३ साली उलगडली. त्यानंतर नऊच वर्षांनी, १९६२ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मॉलिक्युलर बायॉलॉजी युनिट सुरू झालं. पदार्थविज्ञान आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत जीवशास्त्र आलं ते दोन पदार्थवैज्ञानिकांमुळे. त्यांपैकी लिओ झिलार्ड यांनी एका तरुण संशोधकाचं नाव सुचवलं आणि होमी भाभांनी त्याला बोलावून घेतलं. तो तरुण म्हणजे ओबेद सिद्दिकी. उत्तर प्रदेशातल्या बस्तीत जन्मलेले सिद्दिकी ग्लासगोला ग्वीदो पोंटेकोर्वो यांच्याकडे पीएचडी करून अमेरिकेत जिवाणूंच्या जनुकांवर काम करत होते.

हेच युनिट आज संस्थेचा जीवविज्ञान विभाग आहे. पूर्वी इथल्या विद्यार्थ्यांना पीएचडी मुंबई विद्यापीठाची मिळायची. आता संस्था स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे.

सुरुवातीच्या वर्षांत इथे जिवाणूंवर काम चाललं. सत्तरच्या दशकात सिद्दिकी फळमाशीकडे वळले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं ते बारीक चिलट, शास्त्रीय नाव ड्रोसोफिला.

गरम झालं की पडणारी माशी

फळमाश्यांच्या एका उत्परिवर्तित जातीचं नाव आहे 'पॅरा'. २२ अंश सेल्सिअसला या माश्या अगदी नेहमीसारख्या उडतात. तापमान २९ अंशांवर नेलं की काही सेकंदांत लुळ्या होऊन खाली पडतात. परत गार केलं की उठून चालायला लागतात. कॅनडातल्या डेव्हिड सुझुकी यांच्या प्रयोगशाळेने १९७१ मध्ये ही जात जगासमोर आणली. पुढे सिद्दिकी आणि कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकचे सीमोर बेंझर यांनी अशा माश्यांच्या चेतासंस्थेत संदेश नेमका कुठे अडतो, याचा माग काढला. तो शोधनिबंध १९७६ चा. त्यात 'कोमाटोस' नावाच्या आणखी एका जातीचाही समावेश होता. ही माशी लुळी पडल्यावर शुद्धीवर यायला बराच वेळ घेते, नाव त्यावरूनच पडलं.

आता हा काही उपयोगाचा प्रयोग वाटत नाही. माशी पडली काय आणि उठली काय! पण १९८९ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने दाखवलं की पॅरा हे जनुक चेतापेशीतल्या सोडियम वाहिनीचं आहे. सोडियम वाहिनी म्हणजे विद्युतसंदेश पुढे जाण्यासाठी उघडणारं दार. घरात रात्री लावतो त्या डासांच्या अगरबत्तीतली आणि लिक्विडमधली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं नेमकी याच दारावर काम करतात. आणि डास त्या औषधांना दाद देईनासे होतात, तेव्हा त्याचं एक मोठं कारण याच जनुकातला बदल असतं. माशीच्या बाटलीपासून मलेरिया नियंत्रणापर्यंतचा हा रस्ता १९७१ मध्ये कुणाच्याही संशोधन प्रस्तावात लिहिलेला नव्हता.

अशी माशी सापडते कशी, यातच प्रशिक्षणाचा बराचसा भाग आहे. नर माश्यांना साखरपाण्यातून उत्परिवर्तन घडवणारं रसायन पाजतात. त्यामुळे जनुकांत कुठेतरी, कुठलाही बिघाड होतो. प्रश्न असा की तो दिसणार कसा? नराचं एक्स गुणसूत्र साधारणपणे मुलीकडे जातं आणि तिथे आईकडून आलेलं धडधाकट एक्स बिघाड झाकून टाकतं. म्हणून माद्या अशा घेतात, ज्यांची दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली आहेत. मग बापाचं एक्स मुलांकडे जातं, त्यांच्याकडे दुसरं एक्स नसतं आणि बिघाड पहिल्याच पिढीत उघडा पडतो. पुढचं काम सोपं पण चिवटपणाचं: हजारो मुलगे माश्या गरम करायच्या आणि पडणाऱ्या वेगळ्या काढायच्या. यंत्र लागतं ते जवळपास काहीच नाही, डोकं मात्र आधी चालवावं लागतं. पैसा कमी असलेल्या देशातल्या विभागाने माशी का निवडली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

विद्यार्थ्याचा दिवस

माशीच्या प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजल्याचा वास कायम असतो. हे माश्यांचं जेवण. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. त्यामुळे ठरावीक दिवसांनी प्रत्येक जातीच्या माश्या नव्या बाटलीत हलवाव्या लागतात. विसरलं की ती जात गेली.

मादी एकदा नराशी जुगली की शुक्राणू बरेच दिवस साठवून ठेवते. म्हणून संकरासाठी कोऱ्या माद्याच हव्यात आणि त्या कोषातून बाहेर आल्यापासून साधारण आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात. सकाळी येऊन बाटली पूर्ण रिकामी करायची, संध्याकाळच्या आत नव्या माद्या उचलायच्या. रविवार असो की दिवाळी, माशी थांबत नाही. एक मादी चुकली तर तीन आठवड्यांनी हाती येणारं उत्तर खोटं असतं, आणि ते खोटं आहे हे कळायला कधीकधी आणखी तीन महिने जातात.

याच काळात विद्यार्थी 'कंट्रोल' म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने शिकतो. माशी गरम केल्यामुळे पडली की बाटली हलवल्यामुळे? उत्परिवर्तनामुळे पडली की अशक्त होती म्हणून? प्रत्येक शंकेसाठी बाजूला एक तुलनेची बाटली ठेवायची. वहीत फसलेला प्रयोगही तारखेसह लिहायचा. जर्नलमध्ये ठरलेला निष्कर्ष लिहायची सवय मोडायला माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ लागतो.

वेरोनिका रॉड्रिग्स हे अशा प्रशिक्षणाचं ठळक उदाहरण. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या रॉड्रिग्स केनियात जन्मल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकल्या आणि सत्तरच्या दशकात सिद्दिकींकडे पीएचडीसाठी मुंबईत आल्या. माशीला वास आणि चव कशी कळते, हा त्यांचा प्रश्न. माशीची चव पायातही असते. पायाला साखरेचं पाणी लावलं की ती सोंड बाहेर काढते. जी काढत नाही तिच्यात काहीतरी बिघडलं आहे! एवढ्या साध्या चाचण्यांमधून चव आणि वास न कळणाऱ्या माश्या वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांचा आणि सिद्दिकींचा या विषयावरचा १९७८ चा शोधनिबंध परदेशी नव्हे, भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे रॉड्रिग्स जर्मनीतल्या ट्युबिंगेनला जाऊन परत आल्या, त्याच विभागात प्राध्यापक झाल्या आणि वेगवेगळे वास माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जातात, हे १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं.

विभागाने पदवी कुठल्या विषयाची आहे याकडे फारसं पाहिलं नाही. के. विजयराघवन केमिकल इंजिनीअरिंग शिकून इथे पीएचडीला आले. पुढे २०१८ ते २०२२ या काळात ते केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार होते. के. एस. कृष्णन यांनी चेतासंस्थेवर काम केलं. महाबळेश्वरला होणारी आधुनिक जीवशास्त्रावरची चर्चासत्रंही याच मंडळींनी सुरू केली. तिथे विद्यार्थी आणि जगभरातले नामवंत एकत्र राहायचे, जेवायचे, वाद घालायचे. सिद्दिकींनी पुढे बंगळुरूत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) उभं केलं, त्याची मुळं कुलाब्यातच आहेत.

आजचा विभाग फक्त माश्यांचा नाही. विदिता वैद्य यांचा गट ताण आणि मनःस्थितीचा मेंदूशी असलेला संबंध तपासतो, संध्या कौशिका यांचा गट चेतापेशीत मालाची ने-आण कशी होते हे इवल्याशा कृमीत बघतो.

किती वर्षं, किती पैसे?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं वाढवता येतात. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तीन वर्षांत प्रायोगिक जीवशास्त्राची पीएचडी संपवणं मात्र अवघडच. पाच-सहा वर्षं धरूनच चला.

ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती सीनिअर होऊन ४२,००० होते. घरभाडं भत्ता वेगळा. आकडा कागदावर ठीक आहे, पण फेलोशिप दरमहा वेळेवर येईलच असं नाही, आणि मुंबई-पुण्यात खोलीचं भाडं थांबत नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांमार्फतही पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती मिळते, त्यांच्या अटी स्वतंत्रपणे वाचा. पीएचडीनंतर बहुतेकांना पोस्टडॉक करावं लागतं. प्राध्यापकाच्या जागा कमी, उमेदवार जास्त. औषध कंपन्या, निदान प्रयोगशाळा, पेटंट, विज्ञानलेखन अशा वाटा खुल्या असतात, पण त्यांची तयारी विभाग क्वचितच करून घेतात. ही आपल्या पद्धतीतली खरी उणीव आहे.

प्रवेश घेण्याआधी

टीआयएफआर आणि एनसीबीएससारख्या संस्थांत जीवशास्त्राचा प्रवेश जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा आणि मुलाखतीतून होतो. पदवीनंतर थेट एकात्मिक पीएचडीचाही पर्याय आहे. विद्यापीठांच्या विभागांसाठी नेट किंवा विद्यापीठाची पेट लागते. मुलाखतीत पाठांतरापेक्षा 'हे कसं तपासशील?' हा प्रश्न जास्त येतो.

जिथे रोटेशनची सोय आहे, म्हणजे गाइड ठरवण्याआधी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करता येतं, तिथे ती नक्की वापरा. आणि गाइड समोर नसताना, कँटीनमध्ये, तिथल्या सीनिअर विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा: आधीच्या मुलांना किती वर्षं लागली, मध्येच सोडून कोण गेलं, आणि प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय म्हणतात.