मंडईतील मेळे : घरात घोळलेले गाणे आणि शहराचा वाद

#थ्रेड १/८
मंडईचा गणपती म्हटले की आज ढोल-ताशे आठवतात. परंतु सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रारंभीच्या दशकांत उत्सवाचे मोठे आकर्षण होते मेळा, म्हणजे एकसारख्या वेषात पदे गाणाऱ्या मुलांचे व तरुणांचे पथक. घर आणि शहर यांना गाण्याने जोडणाऱ्या या प्रथेचा हा वृत्तान्त.

२/८
ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचण्यापूर्वी गाणे ऐकायचे तर कोणीतरी ते समोर गायलेच पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’. नाट्यपदांच्या चाली माजघरापर्यंत रुळल्या. मेळ्यांना ही तयार शिदोरी मिळाली : चाल ओळखीची, शब्द नवे.

३/८
मात्र मेळ्याचा जन्म निर्मळ आनंदातून झाला नाही. मोहरमच्या ताबुतांपुढे पूर्वी हिंदूही गात व नाचत. १८९३ च्या दंगलींनंतर त्यांना तिकडून वळवण्यासाठी मेळा हा पर्याय उभा राहिला. १८९४ ची काही पदे मोहरमवर बहिष्कार घालण्यास उघडपणे सांगत. त्याच वर्षापासून मंडईच्या शारदा-गजाननाचा उत्सव सुरू झाला.

४/८
उत्सवाच्या कितीतरी आधीपासून तालमी चालत. पदांच्या छापील पुस्तिका निघत. तालमीला जाणारा मुलगा घरीही तीच पदे गुणगुणणार, धाकटी भावंडे ती उचलणार. मेळा दारी आला की गाणे साऱ्या कुटुंबासमोर होई, नाटकगृहाची पायरी न चढणाऱ्या स्त्रियांसमोरही.

५/८
हे सामर्थ्य सरकारनेही ओळखले. गणेशस्तुतीच्या आवरणाखाली स्वदेशी आणि स्वराज्याचा प्रचार होतो, हे पाहून पदांवर आणि मेळ्यांवर निर्बंध आले. पुण्याचा सन्मित्र समाज मेळा अशा राष्ट्रीय पदांसाठी विशेष गाजला. सभा बंद करता येत होती. मुलांच्या ओठांवर बसलेली चाल पुसणे अवघड होते.

६/८
१९२२ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीचा छत्रपती मेळा पुढे आला. त्यामागे मंडईलगतच्या शुक्रवार पेठेतील केशवराव जेधे व त्यांचे सहकारी होते. ज्या साधनाने एका वर्गाने शहराला आपले म्हणणे ऐकवले, त्याच साधनाने दुसऱ्याने उत्तर दिले. पदांवरून तीव्र वाद पेटले.

७/८
वाद मंडईच्या आवारापर्यंत होता. १९२४ मध्ये येथे टिळकांचा पुतळा उभारला गेला. १९२५ मध्ये जेध्यांनी नगरपालिकेत जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली. ती फेटाळली गेली. मंडईच्या इमारतीवरील खर्चाला स्वतः फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, हे त्यांचे म्हणणे. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली ती वास्तू पुढे ‘महात्मा फुले मंडई’ झाली.

८/८
ध्वनिक्षेपक, चित्रपटगीते आणि रेडिओ आले, तसे मेळे ओसरले. गाणे राहिले, पण घरातले मूल गाणारे होते ते ऐकणारे झाले. मेळ्यांच्या इतिहासात भक्ती आहे, द्वेष आहे, प्रतिकारही आहे. या तिन्ही गोष्टी लोकांच्या घरात शिरल्या त्या भाषणांइतक्याच गाण्यांतून. म्हणून त्या काळाचे राजकारण अभ्यासताना अग्रलेखांबरोबर मेळ्यांच्या पदपुस्तिकाही जरूर वाचाव्यात.