देवबलोदा आणि रायपूरचे संग्रहालय

* देवबलोदा : भिलाई-३ लगतचे गाव. इथले कलचुरीकालीन शिवमंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. शिखर नसलेल्या या मंदिराच्या भिंतींवरचे शिल्पपट्टे अजून बारकाईने पाहता येतात. शेजारी पाण्याचे कुंड आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते.

या परिसरातला जुना ठेवा पाहायचा तर रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय गाठावे. ते राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या दानातून 1875 साली उभे राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आकाराला आलेल्या या बैरागी महंतांच्या संस्थानाने शिल्पे, नाणी नि ताम्रपट जपण्यासाठी पैसा दिला, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती हे संग्रहालयाचे खरे वैभव.

दानातून संग्रहालय उभे राहण्याची अशीच गोष्ट हंगेरीतही घडली होती. काउंट फेरेन्त्स सेचेनी यांनी 1802 साली आपली पुस्तके, हस्तलिखिते आणि नाणी राष्ट्राला दिली. त्यातून बुडापेस्टचे राष्ट्रीय संग्रहालय जन्मले. पुढे सेन्तेंद्रे येथे 1967 साली स्थापन झालेल्या खुल्या संग्रहालयात खेड्यांतली जुनी घरे उचलून आणून पुन्हा उभारली गेली.

देवबलोद्याचे मंदिर मात्र आपल्या जागी, पूजेत आहे. म्हणून त्याचे जतन अधिक अवघड आणि अधिक मोलाचे. तिथे जाणाऱ्यांनी शिल्पांना तेल-शेंदूर लावू नये.